उच्चार

पाळकांनी तीन नावांचा कागद दिला
मंगळवारी, वर्गणीच्या वहीत घालून.
शुक्रवारच्या स्मरणसभेत मध्यस्थीची प्रार्थना
तुम्ही करा, एस्तेरबाई.
नावं नीट घ्या. निदान आपण तरी.

लालरेमसांगा जमलं, तोडून तोडून,
मेथी निवडताना पाचसहा वेळा.
दुसरं एका मुलीचं, तिच्या माणसांनीच
आडनाव खोडून पाठवलेलं.
तिसऱ्यापाशी जीभ अडली.

चिग्बो ओराक्वे.
माझगावच्या गल्लीत त्याला जे म्हणायचे
ते देवळात उच्चारत नाहीत.
कपड्यांचे गठ्ठे बांधून बोटीनं पाठवायचा,
लहान मुलींचे फ्रॉक, लागोसच्या बाजारासाठी.
पुलाखाली कुणीतरी ओरडलं, पोरं पळवतो हा.
गठ्ठा फोडला तर आत फ्रॉक.
पुढं कुणी काही विचारलं नाही.

त्याची बहीण ओगेची घरी आली शिकवायला.
ग आणि ब वेगळे नाहीत, ती हिंदीत म्हणाली,
ओठ मिटायचे, घसा मिटायचा,
दोन्ही एकदम सोडायचे.
मी म्हटलं चिग्-बो. नाही.
मी म्हटलं चिब्बो. ती खुदकन हसली,
आणि हसल्याबद्दल रडली.
चहावर साय धरली.
चपला घालताना सांगितलं,
तो यायचा तुमच्या देवळात, दोन रविवार.
भाषा कळायची नाही, चाली कळायच्या.

मला माहीत होतं.
प्रभुभोजनाच्या वेळी प्याला पुसायचं काम माझं.
एकानं ओठ लावले की काठावरून पांढरा रुमाल,
प्याला जरासा फिरवायचा, पुढचा माणूस.
एका माणसाला एकदा. बावीस वर्षं हाताला सवय.
त्याच्यानंतर हात दोनदा फिरला.
पाळकांनी पाहिलं नाही, रांगेनं पाहिलं नाही.
त्यानं पाहिलं.

माझ्या पणजोबांना शेवगावात पाणी वरून वाढायचे,
ओंजळीत, लोट्याचा काठ लागू न देता.
ज्या दिवशी कुणी स्वतःच्या पेल्यातून त्यांना प्यायला दिलं
त्याच दिवशी ते ख्रिस्ती झाले.
बाप्तिस्मा नंतर, चार महिन्यांनी, ओढ्याला पाणी आल्यावर.
हे मी दरवर्षी संडेस्कूलच्या मुलांना सांगते.
डोळे भरून सांगते.

शुक्रवारी पस्तीस माणसं, निम्मी अनोळखी.
मनुका उकळून केलेला द्राक्षरस जरा करपलेला,
गोदीचा भोंगा झाला, पंख्याची कुरकुर.
मी कागद उलगडला.
तिसऱ्या नावाला मागच्या बाकावरून आवाज आला,
भर प्रार्थनेत, मोठ्यानं: असं नाही.
आणि तिनं म्हणून दाखवलं.
मी म्हटलं. तिनं पुन्हा म्हटलं.
मग रणदिवे मास्तरांनी, कवळी सांभाळत,
मग त्यांच्या नातीनं, तिला पहिल्याच झटक्यात आलं,
मग सगळं देऊळ ओठ मिटून, ओठ सोडून,
एका माणसाला हाका मारत राहिलं
आणि तो काही ओ देईना.

कागदावर पुढं लिहिलं होतं,
द्वेष करणाऱ्यांना क्षमा कर.
मी ते अर्धंच वाचलं.
मी दोनदा पुसला, प्रभू, असं म्हटलं. माइकवर.
कुणाला काय कळलं कोण जाणे.
आमेन एकट्या मास्तरांचं आलं, सवयीनं.

ओगेची वेदीपाशी आली, प्याली.
माझ्या हातात इस्त्रीचा रुमाल.
एकदा फिरवला की फिरवलाच नाही, आठवत नाही.
ती माझ्या हाताकडे बघत होती,
पुढचा माणूस पिऊन होईपर्यंत.

रात्री भांडी घासताना
ओठ मिटते, घसा मिटते, सोडते.
अजून नीट येत नाही.